पॉडकास्टवर पाहुणा म्हणून जाऊन धंद्याच्या ओळखी कशा जोडायच्या?

खटपट्या

या संस्थळाच्या उद्योग विभागात पॉडकास्टचा विषय अधूनमधून निघतो आणि गाडी दर वेळी "व्ह्यूज किती?" इथेच रुतते. वर्षाला पंधरा-वीस पार्ट्या हेच ज्यांचं गिऱ्हाईक, त्यांनी पन्नास हजार व्ह्यूज घेऊन करायचं काय? अशा धंद्याला कार्यक्रमातून मिळते ती मुख्यतः यजमानाची ओळख. तो तुमचं काम समजून घ्यायला तासभर समोर बसतो, आणि त्याच्या फोनमध्ये तुमच्या होऊ घातलेल्या गिऱ्हाइकांचे नंबर असतात. ऐकणारे आले तर तो बोनस.

हवेत बोलायला नको म्हणून एकच उदाहरण धरू. समजा, तुम्ही रिटॉर्ट पाऊचमध्ये (बंद पिशवी दाबाखाली तापवून निर्जंतुक करतात, मग ती फ्रीजशिवाय टिकते) तयार पदार्थ भरून देण्याचं जॉबवर्क करता: पिठलं, भरली वांगी, मटण रस्सा. गिऱ्हाईक म्हणजे छोटे ब्रँड, निर्यातदार, केटरर.

यजमान असा शोधायचा की जो तुमच्याच गिऱ्हाइकाला दुसरं काहीतरी विकतो. अन्नसुरक्षा परवान्याची कामं करणारा सल्लागार, कंटेनर बुक करून देणारा फ्रेट फॉरवर्डर, पॅकिंग फिल्मचा पुरवठादार, छोट्या ब्रँडना मार्केटिंग शिकवणारे लोक. यांतले बरेच जण स्वतःचा कार्यक्रम चालवतात, कारण त्यांनाही गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर राहायचं असतं. नटनट्या बोलावणाऱ्या मोठ्या चॅनेलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिथल्या यजमानाचा आणि निर्यातदारांचा संबंध काय?

यादी वीस-पंचवीस नावांची करा. यूट्यूब आणि स्पॉटिफायवर शोधताना आपले शब्द टाकू नका, गिऱ्हाइकाचे टाका. "रिटॉर्ट" टाकलंत तर यंत्रांच्या जाहिराती येतील, "घरगुती पदार्थ एक्स्पोर्ट कसे करायचे" टाकलंत तर कार्यक्रम सापडतील. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत बघा. लिसन नोट्स या पॉडकास्ट शोधायच्या संकेतस्थळावर आपल्या क्षेत्रातल्या एखाद्या बोलक्या माणसाचं नाव टाकलं की तो कुठे कुठे जाऊन आलाय ते दिसतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे आहेत त्या पाच गिऱ्हाइकांना विचारा, गाडीत काय ऐकता?

मग चाळणी. शेवटचा भाग दीड महिन्यापेक्षा जुना असेल तर नाव काढा, बहुतेक कार्यक्रम दमून असेच गप्प होतात. दहापेक्षा कमी भाग असतील तर थांबा. कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर अजून गुगल पॉडकास्टचं बटण असेल (ती सेवा २०२४ मध्ये बंद झाली) तर तिकडे कुणी फिरकत नाही हे समजा. दोन भाग पूर्ण ऐका. यजमान उत्तर ऐकून पुढचा प्रश्न विचारतो की कागदावरचा वाचतो? प्रतिक्रियांमध्ये "यांचा नंबर मिळेल का" असं दोन-चार जणांनी विचारलेलं दिसलं तर ते नाव वर घ्या, मग व्ह्यूज चारशे का असेनात.

पंचवीसातली सहा-सात नावं उरतील. सगळ्यांना एकदम पत्र पाठवू नका. आठवड्याला दोन पाठवा, म्हणजे उत्तर येत नसेल तर पुढचं पत्र सुधारता येतं. नमुना देतो:

"नमस्कार. फ्रोजन पदार्थांवरच्या तुमच्या भागात ३२ व्या मिनिटाला कोल्ड चेनच्या खर्चाचा मुद्दा निघाला होता. फ्रीजशिवाय टिकणाऱ्या पाऊचबद्दल तुमच्या श्रोत्यांना तीन गोष्टी सांगता येतील: पाऊच फाटतो तो नेमका कुठल्या टप्प्यावर आणि का, पहिल्या ट्रायल बॅचआधी कोणत्या चाचण्या करून घ्याव्यात, आणि कोणते पदार्थ पाऊचमध्ये घालायच्या भानगडीत पडू नये. आमचं काम याच क्षेत्रातलं. आवाजाचा दोन मिनिटांचा नमुना सोबतच्या दुव्यावर आहे. विषय जुळत नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल."

एवढंच. अटॅचमेंट नाही, कंपनीचा इतिहास नाही, पुरस्कारांची यादी नाही. या पत्रात तिसरा मुद्दा काम करतो. माझ्याकडून काय घेऊ नका हे सांगणारा पाहुणा यजमानाला हवा असतो, कारण बाकीचे सगळे विकायलाच आलेले असतात. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण. नंतर विषय सोडा.

आडकित्ता

म्हणजे ओळख काढायला आता माईकसमोर बसायचं! सॅटर्डे क्लब, बीएनआय असे व्यावसायिकांचे क्लब आहेत, चेंबरचे कार्यक्रम आहेत. तिथे माणूस समोर दिसतो, चहा होतो. हे रेकॉर्डिंगचं झेंगट कशाला?

खटपट्या

दोन्ही करा की. फरक एवढाच की क्लबात स्वतःबद्दल बोलायला मिनिटभर मिळतं, आणि बीएनआयच्या एका चॅप्टरमध्ये (शाखेत) एका व्यवसायाचा एकच माणूस घेतात, म्हणजे तुमच्या धंद्याची जागा भरलेली असेल तर दुसरा चॅप्टर शोधा. रेकॉर्डिंगचा उपयोग वेगळा आहे. कोटेशन पाठवताना "या विषयावर सविस्तर इथे बोललोय" म्हणून दुवा जोडता येतो, आणि गिऱ्हाइकाचा भागीदार तुम्हाला न भेटताच तुमचं डोकं कसं चालतं ते ऐकतो.

किराणा दुकान, सलून, एका उपनगरापुरता क्लास असेल तर मात्र आडकित्ताराव, तुमचं बरोबर. तिथे हा उपद्व्याप करू नये.

आवाज_कुणाचा

आवाजाबद्दल सविस्तर लिहितो, कारण पाहुण्याचा आवाज खराब असला की यजमानाला एडिटिंगमध्ये दोन तास जास्त जातात, आणि तो पाहुणा त्याच कारणाने लक्षात राहतो.

ब्लूटूथ इअरफोन वापरू नका. गाणी ऐकताना ते छान वाजतात, पण त्यातला माईक चालू झाला की ते हँड्स-फ्री प्रोफाइलवर (फोनवर बोलायच्या मोडवर) जातात आणि आवाज बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगवर उतरतो. मग तुम्ही बोअरवेलमधून बोलल्यासारखे ऐकू येता. महागड्या इअरफोनमध्येही बहुधा हे होतं. साधे वायरवाले चालतील.

स्वस्तातला पर्याय म्हणजे बोया बीवाय-एम१ हा कॉलरचा माईक. वायर सहा मीटर लांब असते. त्याच्या डबीवर एक बटण असतं: एका बाजूला स्मार्टफोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. फोनला लावताना ते स्मार्टफोनच्या बाजूला हवं. कॅमेऱ्याच्या बाजूला एलआर-४४ बटण सेल लागतो, आणि तो संपलेला असेल तर आवाज येतच नाही. निम्म्या तक्रारी इथल्याच. दुसरं, याची पिन चार पट्ट्यांची आहे. जुन्या डेस्कटॉपच्या गुलाबी भोकात थेट घातली तर चालत नाही, विभाजक वायर लागते. माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. मंगळसूत्र, ओढणी, ओळखपत्राची दोरी त्यावर घासली की खरखर येते आणि ती एडिटिंगमध्ये निघत नाही.

चार-पाच कार्यक्रम करायचे असतील तर यूएसबी डायनॅमिक माईक (मुख्यतः जवळचाच आवाज घेणारा) घ्या, सॅमसन क्यू२यूसारखा. तोंडापासून चार बोटांवर आणि किंचित बाजूला ठेवायचा, म्हणजे प-फ-भ चा वारा थेट आदळत नाही. कंडेन्सर माईक रिकाम्या खोलीत घेऊ नका, तो शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजून घेईल.

खोली: कंपनीची काचेची, फरशीची मीटिंग रूम सगळ्यात वाईट. बेडरूम बरी. गादी, पडदे, कपड्यांचं उघडं कपाट, आणि टेबलावर समोर एक दुमडलेली गोधडी. पंखा बंद, एसी रेकॉर्डिंगआधी चालवून खोली गार करून मग बंद.

हेडफोन लावाच. स्पीकरवर ऐकत असाल तर सॉफ्टवेअर प्रतिध्वनी मारायला जातं आणि यजमान मध्ये "अच्छा" म्हणाला की तुमचा अर्धा शब्द खातं.

रिव्हरसाइड, झेनकास्टर यांसारख्या ऑनलाइन रेकॉर्डिंगच्या ठिकाणी प्रत्येकाचं रेकॉर्डिंग त्याच्याच संगणकावर होतं आणि मग वर चढतं. म्हणून नेट अडखळलं तरी अंतिम आवाज स्वच्छ येतो. पण बोलणं संपल्यावर लगेच टॅब बंद करायचा नाही. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाईल मिनिटाला साधारण ५.७६ एमबी, म्हणजे तासाला ३४५ एमबीच्या आसपास. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर तासाभराचा नुसता आवाज चढायला नऊ-दहा मिनिटं जातील, व्हिडिओ असेल तर कितीतरी जास्त. पट्टी शंभर टक्क्यांवर गेलेली डोळ्यांनी बघा. शिवाय फोन विमान मोडवर टाकून त्यावर व्हॉइस रेकॉर्डर चालू ठेवा आणि सुरुवातीला एकदा टाळी वाजवा. दोन्ही फाइली जुळवायला ती टाळी उपयोगी पडते.

राऊटर यूपीएसवर हवा. लॅपटॉपची बॅटरी असते, राऊटरची नसते. पुण्यात असाल तर गुरुवार टाळा, देखभालीसाठी वीज बहुधा त्याच दिवशी जाते.

निपाणीचा_तंबाखू

वाखुसा (वाचनखूण साठवली). बोयाच्या बटणाबद्दल आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

सही_शिक्का

तोंड उघडण्याआधी कोणी काय बोलू शकतं तेही बघा.

सीए मंडळी: १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं कलम ६ आणि ७ म्हणजे काम मागणं आणि जाहिरात यांवरची बंधनं. मुलाखतीला बंदी नाही. विषयाशी संबंधित पात्रता आणि फर्मचं नाव सांगता येतं, पण बढाई आणि तुलना नको, आणि मत वस्तुनिष्ठ हवं. "आमच्याकडे या, रिफंड काढून देतो" हे वाक्य महागात पडेल. संस्थेची आचारसंहिता वेळोवेळी सुधारली जाते, जाण्याच्या आठवड्यात संकेतस्थळावरचा मजकूर वाचून जा.

वकील: बार कौन्सिलच्या नियम ३६ मध्ये थेट किंवा आडून काम मागायला मनाई आहे. कायदा समजावून सांगा, स्वतः चालवत असलेल्या खटल्यावर बोलू नका.

शेअर बाजारवाले: सेबीकडे नोंदणी असलेल्यांनी, नोंदणी नसताना सल्ला किंवा परताव्याचे दावे करणाऱ्यांशी व्यावसायिक लागेबांधे ठेवायला २०२४ पासून मनाई आहे. म्हणजे कार्यक्रम कोणाचा आहे ते आधी तपासा. "आम्ही फक्त शिक्षण देतो" म्हणणाऱ्यांनाही जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरचं नाव सुचवायला मनाई केली.

आता कारखानदारांसाठी, आणि हे कुणी सांगत नाही. नवीन यंत्र, नवीन प्रक्रिया यावर पेटंट घ्यायचा विचार असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत पॉडकास्टवर त्याची कृती सांगू नका. जाहीर झालं की नावीन्य गेलं. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारख्या आणि विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधांसारख्या ठरावीक गोष्टींना. यूट्यूबवरच्या गप्पा त्यात बसत नाहीत. आधी तात्पुरता अर्ज करा, त्या तारखेपासून बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो, आणि मग खुशाल बोला.

गिऱ्हाइकांची नावं घेण्याआधी गोपनीयता करार काढून वाचा. "पुण्याजवळची एक मोठी ट्रॅक्टर कंपनी" असं म्हणून काही लपत नाही. लोकांना कळतं. एक ओळीचं ईमेल टाकून परवानगी घ्या. बहुतेक जण देतात, आणि त्या निमित्ताने जुन्या गिऱ्हाइकाशी बोलणंही होतं.

ध_चा_मा

एडिटिंगच्या बाजूने चार गोष्टी.

रेकॉर्डिंगआधी यजमानाशी पंधरा मिनिटांचा फोन मागा. त्यात विचारायचं: ऐकणारे कोण, आवाज की व्हिडिओ, थेट की संपादित, भाग कधी येणार, छोट्या क्लिप आम्हाला वापरता येतील का, आणि शीर्षक ठरल्यावर दाखवाल का. फोन झाल्यावर "आपलं असं ठरलं" म्हणून चार ओळींचं ईमेल तुम्हीच टाका. करारबिरार लागत नाही, पण हे ईमेल लागतं. तुम्ही साधंच काहीतरी बोललेले असता, शीर्षकात मात्र "या उद्योजकाने बँकांची पोल खोलली" असं येतं आणि तुमचा बँक मॅनेजर ते पहिला बघतो. अंतिम कट पाहण्याचा हक्क मागू नका, कुणी देणार नाही. चुकलेला आकडा किंवा नाव दुरुस्त करण्याची मुभा मागा, ती मिळते.

स्वतःच्या नावाचं देवनागरी आणि रोमन स्पेलिंग, पन्नास शब्दांची ओळख आणि एक चौकोनी फोटो आधीच पाठवा. नाही पाठवलं तर यजमान लिंक्डइनवरून तीन वर्षांपूर्वीचा हुद्दा उचलतो.

पैसे मागणारे भेटतील. पैसे देऊन जाणं बेकायदा नाही, पण ती जाहिरात झाली. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पैसे घेऊन केलेल्या मजकुरावर तसं लेबल लागतं. लेबल लावायला तयार नसलेल्याला पैसे देऊ नका. आणि दिलेच तर जीएसटीचं पक्कं बिल घ्या. माझं स्पष्ट मत: ओळख जोडायला जात असाल तर पैसे देऊन जाऊच नका. पैसे दिले की तुम्ही त्याचे गिऱ्हाईक होता, आणि गिऱ्हाइकाला कुणी आपली माणसं जोडून देत नाही.

खटपट्या

शेवटच्या वाक्याला +१००.

आता बोलताना काय करायचं. उत्तर एक-दीड मिनिटाचं असू दे. त्यात एक कारण आणि एक खूण हवी, जी ऐकणाऱ्याला आपल्याकडे तपासता येईल. वरचंच उदाहरण घेऊ. यजमान विचारतो, "पाऊच फाटतो कशामुळे?"

कच्चं उत्तर: "आम्ही क्वालिटीला फार महत्त्व देतो, आमच्याकडे इम्पोर्टेड मशीन आहे."

पक्कं उत्तर: "बरेचदा शिजवताना नाही, थंड करताना फाटतो. रिटॉर्टमध्ये १२१ अंशांना आत-बाहेर दाब सारखा राहील असं बघितलेलं असतं. गार पाणी सोडलं की बाहेरची वाफ झटकन बसते, बाहेरचा दाब पडतो, पण पाऊचच्या आतलं अन्न अजून तापलेलंच असतं. पाऊच फुगतो आणि सील उघडतं. म्हणून थंड करतानाही काही वेळ दाबाखालची हवा चालू ठेवावी लागते. आणि सीलच्या पट्टीवर तेलाचा ओघळ किंवा मसाल्याचा कण राहिला असेल तर तिथूनच उघडतं. फाटलेला पाऊच घेऊन सीलची कड बोटाने चाचपा, कण लागतो."

दुसरं उत्तर ऐकून ज्याचे पाऊच फाटतायत तो फोन करणारच. आणि यजमानाला कळतं की हा माणूस पुढे करायला हरकत नाही, आपली मान खाली जाणार नाही. ओळख करून देणाऱ्याला धास्ती असते ती याचीच.

सगळं सांगून टाकलं तर स्पर्धक उचलेल अशी भीती घालतात. तत्त्व सांगा, सेटिंगचे आकडे सांगू नका. दाब किती, किती मिनिटं, कुठल्या पदार्थाला कुठली फिल्म, हे जॉबवर्कचं भांडवल आहे.

शेवटी यजमान "तुमच्याशी संपर्क कसा साधायचा" विचारतो. तिथे पाच दुवे सांगू नका. डॅश, अंडरस्कोर असलेला पत्ता तोंडी सांगितला की कुणालाच कळत नाही. एकच छोटा पत्ता सांगा आणि यूट्यूबच्या वर्णनात पहिल्या दोन ओळींत टाकायला सांगा, त्याखालचं दडलेलं असतं.

सनीवेलची_माई

इकडच्या यजमानांकडे जाणाऱ्यांसाठी. अमेरिकेतले देशी ग्रोसरीवाले, आयातदार आणि मराठी मंडळांतले उत्साही लोक बरेच कार्यक्रम चालवतात, आणि वरच्या उदाहरणातल्या पाऊचवाल्याला ते सोन्यासारखे आहेत. पण वेळेचा घोळ फार होतो. आपल्याकडे घड्याळ बदलत नाही, इथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. म्हणजे कॅलिफोर्नियाशी अंतर उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. न्यूयॉर्कशी साडेनऊ आणि साडेदहा. फेब्रुवारीत ठरवलेलं मार्चअखेरचं रेकॉर्डिंग हमखास तासभर चुकतं. वेळ दोन्ही गावांच्या नावासकट लिहून घ्या आणि कॅलेंडरचं आमंत्रण स्वीकारून ठेवा. सोयीची वेळ म्हणजे तुमची सकाळची सात-आठ, इथली आदली संध्याकाळ.

अन्नपदार्थांचं बोलत असाल तर इथला यजमान तिसऱ्या मिनिटाला एफडीए (इथलं अन्न-औषध प्रशासन) नोंदणीचं विचारणार. कमी आम्लतेच्या, हवाबंद, साध्या तापमानाला ठेवायच्या पदार्थांना कारखान्याच्या नोंदणीबरोबर प्रत्येक प्रक्रियेचा तपशील वेगळा दाखल करावा लागतो. उत्तर तयार नसेल तर इकडच्या कार्यक्रमाला सहा महिने थांबा. आयातदारासमोर गडबडलात तर तो तुमच्याकडे परत वळणार नाही.

घोरपडीचा_रुमाल

यजमान म्हणतो "आमचे दोन लाख डाउनलोड आहेत". हे खरं मानायचं का?

ध_चा_मा

एकूण आकडा विचारू नका. "गेल्या पाच भागांना प्रत्येकी पहिल्या ३० दिवसांत किती?" असं विचारा. आयएबीच्या (डिजिटल जाहिरातींची संघटना) मोजणीत निदान एक मिनिटाचा आवाज उतरवला गेला तरच डाउनलोड धरतात, आणि एकाच माणसाने २४ तासांत पुन्हा उतरवला तर एकच. यूट्यूबचे व्ह्यूज वेगळ्या रीतीने मोजले जातात, दोन्ही एकत्र मिळवून सांगितलेला आकडा निरुपयोगी. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनची आयओएस १७ ही प्रणाली आल्यावर ॲपलवरचे आपोआप होणारे डाउनलोड कमी झाले. त्याआधीचे आकडे कुणी दाखवत असेल तर ते सोडून द्या.

खटपट्या

आता भाग आल्यानंतरचं, जे ऐंशी टक्के लोक करतच नाहीत (टक्केवारी हवेतली, रोख कळला असेल).

रेकॉर्डिंगच्या दिवशीच संध्याकाळी यजमानाला दोन ओळी. त्यात आभार आणि त्याने विचारलेला कुठला प्रश्न आवडला ते. त्याच आठवड्यात त्याच्या कार्यक्रमाला शोभतील अशा दोन पाहुण्यांची नावं सुचवा. यजमानाची कायमची डोकेदुखी पुढचा पाहुणा हीच असते. ती मिटवणारा त्याला हवा असतो. नाव देण्याआधी त्या माणसाला विचारा, दोन्हीकडून हो आल्यावरच जोडून द्या. न विचारता दोघांना एका व्हॉट्सॲप ग्रुपात टाकणं हा अडाणीपणा आहे.

भाग आल्यावर पहिले दोन दिवस प्रतिक्रियांना स्वतः उत्तरं द्या. प्रश्न विचारणारा हा सगळ्यात तापलेला तवा. "फोन करा" लिहून हात झटकू नका, तिथेच अर्धं उत्तर द्या.

मग आधीचे पाहुणे. त्या कार्यक्रमाचे मागचे वीस भाग काढा आणि त्यांतले तुमच्या धंद्याशी लागून असलेले चार-पाच जण निवडा. त्यांचा भाग खरोखर ऐका आणि लिहा: "आपण एकाच कार्यक्रमात येऊन गेलो. तुमचा फिल्मच्या जाडीचा मुद्दा आमच्या रोजच्या कामातला आहे, एक प्रश्न आहे." ओळखदेख नसताना केलेल्या फोनपेक्षा याला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त, कारण यजमान दोघांच्या ओळखीचा आहे. माझ्या मते या सगळ्या उपद्व्यापातली सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच.

यजमानाकडे काम मागायचं नाही. तीन महिन्यांनी त्याला उपयोगी पडेल अशी एखादी बातमी पाठवा: नियम बदलला, नवीन अनुदान आलं, भागातला एखादा आकडा जुना झाला. सहा महिन्यांनी एखादा चहा किंवा फोन. काम यायचं असेल तर या काळात त्याच्याकडूनच "आमच्या एका क्लायंटला जरा बघाल का" असं येतं. नाही आलं तर यजमान चुकीचा निवडला होता, किंवा त्याला तुम्ही नेमकं काय करता ते एका वाक्यात सांगता येत नाही. दुसरं कारण असेल तर ते वाक्य तुम्हीच त्याला द्या: "मटण, भाजी, वरण फ्रीजशिवाय टिकेल असं पाऊचमध्ये भरून देतात, छोटी बॅचही घेतात."

एक्सेलमध्ये कार्यक्रम, यजमान, रेकॉर्डिंगची तारीख, भागाची तारीख, यजमानाला सुचवलेली नावं, त्याच्याकडून आलेल्या ओळखी, पुढचा संपर्क कधी, असे रकाने करा. ओळखीच्या रकान्यात वर्षभर एकही नाव नसलेल्या प्रकारचे कार्यक्रम बंद करा.

आडकित्ता

हे पटलं. पण मी सकाळी दहा ते रात्री आठ शॉपवर. एका कार्यक्रमाला वेळ किती जातो?

खटपट्या

शोध आणि दोन भाग ऐकणं तीन तास, पत्र अर्धा तास, आधीचा फोन पाव तास, रेकॉर्डिंग तांत्रिक तपासणीसकट दोन तास, नंतरचा पाठपुरावा पसरून दोन-तीन तास. एकूण एक पूर्ण दिवस धरा. म्हणून महिन्याला एकापेक्षा जास्त घेऊ नका. सहा कार्यक्रम उरकून एकाचाही पाठपुरावा न करण्यात काही राम नाही.

घोरपडीचा_रुमाल

शेवटचा प्रश्न. कोण कुठल्या कार्यक्रमातून आलं ते कळणार कसं? फोनवर विचारलं तर लोक "यूट्यूबवर बघितलं" एवढंच सांगतात.

आवाज_कुणाचा

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये शॉर्ट लिंकची सोय आहे, तीत आधीच लिहिलेला संदेश घालता येतो: "पाऊचबद्दलचा भाग ऐकून आलो". दुवा दाबणाऱ्याला फक्त पाठव म्हणायचं असतं. ॲपमधून एकच शॉर्ट लिंक निघते, त्यामुळे वेगवेगळ्या कार्यक्रमांसाठी डब्ल्यूए डॉट एमई (wa.me/), पुढे ९१ लावून नंबर, आणि मग ?text= लावून मजकूर, असे दुवे हाताने करा. नंबरात अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य किंवा मोकळी जागा नको. मजकूर देवनागरीत घातला तर दुवा टक्केचिन्हांनी भरून लांबलचक होतो आणि वर्णनात भुतासारखा दिसतो, म्हणून स्वतःच्या संकेतस्थळावर छोटं पान करून तिथून पुढे वळवा. आलेल्या चॅटला कार्यक्रमाच्या नावाचं लेबल लावा. महिनाअखेरीला लेबलं मोजून खटपट्यांच्या एक्सेलमध्ये टाका.